कार्निव्हलचा भुताटकी ऑर्गन आणि डबस्टेप एकत्र करतोय, इंट्रो आणि ड्रॉप जुळतच नाहीयेत

घुमट_१४०:

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा प्लीज. मी घरी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओत ट्रॅक बनवतो, सिंथ म्हणून व्हायटल. बऱ्याच दिवसांपासून एक ट्रॅक डोक्यात बसलाय. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या कार्निव्हलमध्ये मेरी-गो-राउंडच्या मधोमध जो ऑर्गन वाजायचा ना, हवेवर चालणारा, पिपाण्या आणि बासऱ्या मिळून एक विचित्र आनंदी आवाज, तो. मध्यरात्र झालीये, माणूस कोणी नाही, लाकडी घोडे आपले फिरतायत, ऑर्गन वाजतोय आणि तिथून सरळ डबस्टेपचा (जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ड्रॉप, म्हणजे बीट आणि बेस एकदम कोसळतात तो भाग. डोक्यात ऐकू येतं तेव्हा अंगावर काटा येतो, स्पीकरमधून येतं ते मात्र वेगळंच असतं.

अडलंय कुठे ते सांगतो. इंट्रो वॉल्ट्झ आहे म्हणजे तीनाचा ठेका, टेम्पो १४०. ड्रॉप अर्थातच चाराचा, टेम्पो १४०. मध्ये रायझर (हळूहळू चढत जाणारा आवाज) टाकून बघितला, सायलेन्स टाकला, काच फुटल्याचा आवाज टाकला, तरी ऐकणाऱ्याला वाटतं की एक गाणं संपून प्लेलिस्टमधलं पुढचं सुरू झालं. दुसरं म्हणजे भीती वाटत नाही. डी मायनरमध्ये आहे, रिव्हर्ब भरपूर, मागे लहान मुलीचं हसणं पण आहे आणि तरी सगळं टीव्हीवरच्या हॉरर मालिकेच्या टायटलसारखं वाटतं. आणि ड्रॉप आला की ऑर्गन गायब. ठेवला तर सगळा चिखल होतो.

शेवटचं, ते सर्कसचं प्रसिद्ध म्युझिक आहे, जोकर आला की वाजतं ते, त्याचा तुकडा वापरला तर कॉपीराइटचा लोचा होईल का?

तिश्र_जाती:

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तबल्यावर बसणारा कोणीही देईल, आणि ते फार सोपंय. तू इंट्रोतली वॉल्ट्झची एकेक मात्रा १४० ला धरतोयस, म्हणून तीनाचं आवर्तन ड्रॉपच्या बारवर नीट बसत नाही, सम कुठेतरी भलतीकडेच पडते. चतुश्र लयीत तिश्र जाती, म्हणजे चाराच्या लयीत तीनाचे भाग, वाजवतो तसं कर. १४० चा डबस्टेप हाफ-टाइम असतो ना, म्हणजे किक एकवर आणि स्नेअर तीनवर, त्यामुळे शरीराला तो ७० चाच वाटतो. आता त्या ७० च्या प्रत्येक ठोक्यात तीन मात्रा भर. ७० गुणिले ३ म्हणजे २१०. वॉल्ट्झ मिनिटाला २१० मात्रांवर घेतलास की वॉल्ट्झचा एक बार बरोब्बर एका ठोक्यात बसतो, पहिला बार किकवर सुरू होतो आणि पुढचा स्नेअरवर. २१० ऐकून घाबरू नकोस, व्हिएन्नाचा जलद वॉल्ट्झ मिनिटाला साधारण ६० बार म्हणजे १८० मात्रांचा असतोच, तू त्याच्या थोडा पुढे जातोयस, आणि ती जराशी जास्तीची घाई तुझ्या कामाचीच आहे.

आता मजा अशी की मेरी-गो-राउंड सुरू होतं तेव्हा हळू असतं. प्रोजेक्टचा टेम्पो इंट्रोला १०० ठेव, ट्रिप्लेटच्या (दोन ठोक्यांच्या जागेत तीन) ग्रिडवर वॉल्ट्झ लिही म्हणजे तो १५० मात्रांना ऐकू येईल, आणि टेम्पो ऑटोमेशनने हळूहळू १४० ला आण. वॉल्ट्झ आपोआप २१० ला पोचतो. घोडे वेग घेतायत असं वाटेल आणि ज्या क्षणी वेग स्थिर होतो त्या क्षणी ड्रॉप. रायझरची गरजच नाही, रायझर काढूनच टाक, चाक वेग घेतंय हाच रायझर.

आणि वॉबलचा, म्हणजे बेसच्या थरथरीचा, एलएफओ (आवाज ठरावीक वेगाने हलवणारा भाग) पण ट्रिप्लेटला लाव, व्हायटलमध्ये टेम्पो ट्रिप्लेट असा पर्याय आहे. ऑर्गनचा डावा हात ओम-पा-पा वाजवतो, मग ड्रॉपमध्ये ओम हा सब-बेसला (सगळ्यात खालचा बेस) दे आणि दोन्ही पा वर गुरगुरणारा मिड-बेस कापून टाक. ठेका तोच राहतो, वाजवणारा बदलतो. इंट्रो-ड्रॉप जोडायला याहून चांगलं काही मला तरी माहीत नाही.

भाता_आणि_पाईप:

वरच्यांशी शंभर टक्के सहमत. मी भीतीबद्दल लिहिते कारण हे ऑर्गन माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी मायनर काढ. मेजर कर. खरंच सांगते, ट्यून दुःखी केलीस की ऐकणाऱ्याला पहिल्याच सेकंदाला कळतं की आता घाबरायचंय आणि तो सावध होऊन बसतो. कार्निव्हलच्या ऑर्गनची भीती ही आहे की तो आनंदी आहे आणि थांबत नाही. समोर कोणी आहे की नाही याचं त्याला घेणंदेणं नाही. ते यंत्र आहे, पुठ्ठ्याच्या घडीव पुस्तकाला किंवा कागदाच्या रोलला भोकं पाडलेली असतात, भोक आलं की त्या पाईपला हवा जाते आणि तो वाजतो, बस. पॅरिसच्या गाविओली कंपनीचे, लिमोनेअरचे, अमेरिकेत नॉर्थ टोनावांडाला वुर्लित्झरचे असे हे ऑर्गन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जत्रांतून फिरायचे, आणि मुद्दाम कर्कश बनवलेले असायचे कारण उघड्या मैदानात गर्दीच्या वरताण ऐकू जायला हवं.

यातून तुझ्या कामाच्या गोष्टी निघतात. पाईपला जोरात दाबलं काय आणि हळू दाबलं काय, तो एकाच जोराने वाजतो. म्हणून तुझ्या मिडीतल्या सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी (दाबाचा जोर) एकसारखी कर, सगळ्या १०० ला. आपण नेहमी उलटं शिकतो की ह्युमनाइज करा, जिवंत वाटू दे. इथे माणूस काढून टाकायचाय. सस्टेन पेडल नाही, नोट सुटली की आवाज तिथल्या तिथे तुटतो. छोट्या ऑर्गनमध्ये तर सगळे बारा सूर पण नसायचे, अरेंजरला जे पाईप आहेत त्यातच चाल बसवावी लागायची, म्हणून मधूनच एखादा सूर अपेक्षेपेक्षा भलतीकडे जातो. तू तुझ्या चालीतले दोन सूर कायमचे काढून टाक, समज डी मेजर असेल तर सी शार्प आणि जी, आणि जिथे ते येतात तिथे शेजारचा सूर वाजव किंवा जागा रिकामी सोड. ऐकणाऱ्याला कळणार नाही काय चुकतंय, पण चुकतंय हे कळेल.

सूर उतरवायचा असेल तर टेपसारखा एकदम खाली नेऊ नको, ते सगळे करतात. खऱ्या ऑर्गनमध्ये लय कागद ओढणाऱ्या चाकावर आणि सूर हवेच्या दाबावर. भात्याच्या टाकीत हवा साठलेली असते, त्यामुळे चाक मंदावलं तरी थोडा वेळ सूर जागेवर राहतो, मग दाब पडायला लागला की पाईप उतरतात, आणि सगळे एकसारखे उतरत नाहीत. म्हणजे आधी लय, मग सूर, आणि प्रत्येक थराला पिच ऑटोमेशनची वेगळी रेघ.

आणि ते मुलीचं हसणं काढ रे, प्लीज.

घुमट_१४०:

बापरे, एवढं सगळं! दोघांचेही मनापासून आभार. ट्रिप्लेटचं आत्ता लगेच करून बघितलं आणि इंट्रो ड्रॉपमध्ये अक्षरशः ओघळून आला, मी दोनदा ऐकलं. मेजरचं पण पटलं, हसणं काढलं. ताई एक विचारायचंय, खऱ्या ऑर्गनच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज थरथरतो, व्हायब्रेटो नाही पण एक लाट असते, ती कुठून येते? मी कोरस लावला तर ते ऐंशीच्या दशकातल्या सिनेमासारखं होतंय.

भाता_आणि_पाईप:

बरं झालं विचारलंस, कारण माझ्या मते तुझा अख्खा ट्रॅक त्या लाटेवर उभा राहू शकतो.

अनेक ऑर्गनमध्ये एकाच सुराच्या पाईपच्या दोन रांगा असतात आणि दुसरी रांग मुद्दाम किंचित चढी लावलेली असते. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की आवाज फुगतो-ओसरतो, आणि सेकंदाला किती वेळा, तर दोघांच्या हर्ट्झमधल्या फरकाइतक्या वेळा. ४४० आणि ४४३ वाजवलेस तर सेकंदाला ३ लाटा. तंबोऱ्याच्या तारा लावताना जे ऐकतो तेच.

आता गणित कर. १४० टेम्पोला क्वार्टर ट्रिप्लेटचा वॉबल सेकंदाला किती वेळा होतो? १४० भागिले ६० गुणिले दीड, म्हणजे साडेतीन. मग दुसरी रांग साडेतीन हर्ट्झने वर लाव! ऑर्गनची स्वतःची थरथर आणि ड्रॉपमधल्या बेसचा वॉबल एकाच वेगाचे होतात. इंट्रोमध्ये माणूस जी लाट नकळत ऐकत बसलाय तीच लाट ड्रॉपला एकदम अंगावर येते.

फक्त हे फाइन ट्यूनच्या नॉबने करू नको, तो सेंटमध्ये (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असतो आणि सेंटमध्ये लाटेचा वेग सुरागणिक बदलतो, ४४० ला साडेतीन असेल तर वरच्या सप्तकात सात होईल. ऑर्गनच्या ट्रॅकची कॉपी काढ, तिच्यावर फ्रीक्वेन्सी शिफ्टर लाव आणि ३.५ हर्ट्झ दे, मग कुठलाही सूर वाजव, लाट साडेतीनचीच. कॉपीचा आवाज मूळपेक्षा थोडा कमी ठेव नाहीतर आवाज मधेमधे पूर्ण गायब होईल. दोन्ही मोनो ठेव. लाट फुगते तो क्षण समेवर यायला हवा, शिफ्टरला फेजचा नॉब असेल तर फिरवून जमव, नसेल तर ऑडिओ रेंडर करून जो तुकडा चांगला बसलाय तो वापर.

टेम्पो १०० पासून चढवतोयस तर शिफ्टर पण २.५ वरून ३.५ ला ऑटोमेट करावा लागेल हे लक्षात असू दे.

तिश्र_जाती:

ताई हे जबरदस्त आहे. मी माझ्या खर्ज आणि नर असे दोन सूरपट्ट्यांचे संच असलेल्या पेटीवर हे करून बघणार आज.

खालचा_सूर:

मी बरीच वर्षं लंडनला आहे, डबस्टेपवर जीव आहे म्हणून ड्रॉपबद्दल लिहितो, कारण वर सगळं इंट्रोवरच चाललंय.

आपल्याकडे डबस्टेप म्हटलं की लोकांना २०१० नंतरचा अमेरिकन प्रकार आठवतो, यंत्रं एकमेकांना चावतायत तो. मूळ प्रकार दक्षिण लंडनच्या क्रॉयडनचा, २००० च्या आसपास गॅराज म्युझिकमधून निघालेला, तिथे बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि त्या दुकानाभोवती जमणाऱ्या पोरांनी तो घडवला. त्या ट्रॅकमध्ये काय असतं माहितेय का, जागा. किक, स्नेअर, खाली सब आणि मधे नुसता अंधार. तुला रिकाम्या जत्रेची भीती हवीये तर तुझं घराणं हे आहे. ऑर्गन गायब होतो, ठेवला तर चिखल होतो ही तुझी तक्रार मला वाटतं इथूनच येते, मिड-बेस सगळी जागा खातोय. मिड-बेस निम्मा कर. ओम वर फक्त सब. पहिल्या पा वर काहीच नको. दुसऱ्या पा वर छोटासा गुरगुराट. आणि ऑर्गन सबच्या वर, ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून, एकटा उभा राहू दे.

दुसरं, डी मध्ये राहू नको. डी चा सब ३६.७ हर्ट्झला जातो, तो मोठ्या सिस्टिमवर छान पण घरच्या स्पीकरला झेपत नाही. एफ घेतलास तर ४३.७ आणि जी घेतलास तर ४९, जी मध्ये सब भरीव लागतो. मोबाइलवर तर यातलं काहीच ऐकू येणार नाही म्हणून सबवर थोडं सॅच्युरेशन टाक म्हणजे वरचे हार्मोनिक्स तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतः भरून घेतो.

आणि एक, त्या ऑर्गनना स्वतःचे ढोल असतात, बाजूला बास ड्रम, झांज आणि छोटा स्नेअर, तेही त्याच कागदावर चालतात. ड्रॉपमधला तुझा स्नेअर त्या छोट्या लाकडी स्नेअरबरोबर एकत्र वाजव. इंट्रोत ऐकलेला तोच टुकार स्नेअर ड्रॉपमध्ये अचानक इमारतीएवढा झाला तर!

रात्रपाळी:

खालचा_सूर यांच्याशी मी असहमत आहे. जागा वगैरे ठीक, पण प्रश्नकर्त्याला ड्रॉप अंगावर आलेला हवाय असं त्याच्या लिहिण्यावरून दिसतं, आणि कार्निव्हल हा प्रकारच मुळात अतीचा आहे, दिवे जास्त, रंग जास्त, आवाज जास्त. ऑर्गन स्वतः म्हणे मुद्दाम कर्कश बनवलेला. मग ड्रॉप सभ्य का असावा? माझं मत, पहिला ड्रॉप रिकामा ठेव आणि दुसरा पूर्ण भर. दुसऱ्यात ऑर्गनचेच आवाज रेंडर करून व्हायटलमध्ये वेव्हटेबल (सिंथ ज्यातून आवाज घडवतो तो लहरींचा संच) म्हणून टाक, त्याला सॅम्पलमधून वेव्हटेबल बनवता येतो, आणि त्याचाच ग्रोल (गुरगुरणारा बेस) कर. म्हणजे बेस हा बाहेरून आलेला राक्षस न राहता तोच ऑर्गन तोंड उघडतो.

खालचा_सूर:

दुसऱ्या ड्रॉपचं मान्य. ऑर्गनचा वेव्हटेबल ही आयडिया फार चांगली आहे, घे ती.

पडदा_आणि_पेट्रोमॅक्स:

कॉपीराइटचं कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो, सर्कस हा माझा वाचनाचा विषय आहे.

तू म्हणतोयस ती चाल म्हणजे एन्ट्रन्स ऑफ द ग्लॅडिएटर्स. चेक संगीतकार युलियुस फुचिक यांनी १८९७ मध्ये लिहिली, ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करात बँडमास्तर होते. जोकरासाठी नाही, रुबाबदार लष्करी मार्च म्हणून लिहिलेली. पुढे लुई-फिलिप लॉरेंदो या कॅनडातल्या अरेंजरने ती अमेरिकन बँडसाठी बसवली, सर्कसवाल्यांनी ती भरधाव वाजवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ती जोकरांची झाली. फुचिक १९१६ ला वारले. भारतीय कायद्यात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, त्यामुळे चाल केव्हाच मोकळी आहे. पण कोणा बँडने वाजवलेलं रेकॉर्डिंग उचललंस तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून सॅम्पल घेऊ नको, मिडीत स्वतः वाजव. आणि ती मार्च आहे, दोनाच्या चालीची, तुझ्या ट्रिप्लेटमध्ये ती बसणार नाही. वॉल्ट्झच हवा असेल तर मेक्सिकोच्या हुवेंतिनो रोसास यांचा सोब्रे लास ओलास घे, १८८८ चा, मेरी-गो-राउंडवर जगभर हाच वाजत आलाय आणि रोसास १८९४ लाच गेले. ऐकलास की लगेच ओळखशील. फुचिकच्या चालीतून फक्त ते अर्ध्या-अर्ध्या सुराने घरंगळत उतरणं घे आणि ड्रॉपच्या आधीच्या बारमध्ये सबला तसं उतरव.

भाता_आणि_पाईप यांनी आनंदी चालीच्या भीतीबद्दल लिहिलं त्यावरून आठवलं. अमेरिकन सर्कशीत एक अलिखित नियम होता, स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर ही अतिशय उत्साही मार्च खेळात एरवी वाजवायची नाही. ती वाजली म्हणजे तंबूत काहीतरी भयंकर घडलंय, कामगारांनी प्रेक्षकांना बाहेर काढायला लागायचं, आणि प्रेक्षकांना कळू न देता. ६ जुलै १९४४ ला हार्टफर्डमध्ये रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूला आग लागली तेव्हा बँडमास्तर मर्ल इव्हान्स यांनी हीच मार्च सुरू केली होती. दीडशेहून जास्त माणसं गेली त्या आगीत, कितीतरी लहान मुलं. मी ती मार्च आता नुसती ऐकू शकत नाही. तुझ्या ट्रॅकमध्ये ती वापर असं म्हणत नाहीये, वापरू नकोसच, पण आनंदी संगीत आणि भीती यांचं नातं किती खरं आहे ते कळावं म्हणून सांगितलं.

आणि हो, आपल्याकडची सर्कस पण याच काळातली, कुरुंदवाड संस्थानच्या पदरी असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, एक इटालियन सर्कस मुंबईत आली होती ती बघून. सांगली भागातल्या लोकांना हे पाठ असतं.

घुमट_१४०:

सर्वांचे आभार मानायला शब्द कमी पडतायत. काल रात्री बसलो. जी मेजर केलं, रोसासचा वॉल्ट्झ स्वतः मिडीत वाजवला, सगळी व्हेलॉसिटी १००. चालीतून सी आणि एफ शार्प काढले. साडेतीन हर्ट्झचा शिफ्टर लावला आणि खरं सांगतो, हेडफोन काढून ठेवावे लागले थोडा वेळ, इतकं ते अंगात शिरतं. पहिला ड्रॉप रिकामा ठेवलाय, ओमवर सब, दुसऱ्या पा वर गुरगुराट. दुसऱ्या ड्रॉपचा वेव्हटेबल अजून नीट बोलत नाहीये, नुसता घशात अडकल्यासारखा वाटतो, त्यावर कोणी काही सुचवा.

रात्रपाळी:

कोणता सूर रेंडर केलास? वरचा असेल तर वेव्हटेबलमध्ये फार काही येत नाही, साधी बासरीच मिळते. खालचा, कर्णे असलेला थर एकटा रेंडर कर, रिव्हर्ब पूर्ण बंद, आणि नोट सुरू होतानाचा तो हवेचा फुस्स पण त्यात येऊ दे. मग वेव्हटेबलची पोझिशन त्याच ट्रिप्लेट एलएफओने हलव, फिल्टर नंतर. फॉर्मंट फिल्टर (आवाजाला तोंडाने म्हटलेल्या स्वरासारखा आकार देणारा) लावून बघ, आ ते ओ. झालं की फाइल इथे टाक, मला ऐकायचंय.